फक्त नाव बदलायचंय

बारा वर्षं झाली मला छापखान्यात डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर-फोटो मांडायच्या खुर्चीवर बसून, आणि या बारा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "ताई काही नाही, फक्त नाव बदलायचंय." फ्लेक्सवर नाव बदललं की फोटो बदलतो, फोटो बदलला की शेजारच्या गोल फोटोतला कार्यकर्ता रुसतो, मग त्याला थोडा मोठा करायचा, मग साहेब लहान दिसायला लागतात, आणि हे सगळं दहा मिनिटांत कारण खाली गाडी चालू ठेवून माणूस उभाय.

खरं सांगू का, अर्जंट कामात डिझाईनला वेळ लागतच नाही. सांगाड्याच्या फायली तयार असतात माझ्याकडे, वाढदिवस, उद्घाटन, बारसं, दशक्रिया, सगळं. वेळ जातो तो काय लिहायचं आणि कोणाचं आधी लिहायचं हे ठरण्यात. चार दिवस घरी बसून जे ठरत नाही ते माझ्या स्टूलवर बसून ठरवतात आणि वर मलाच विचारतात अजून किती वेळ.

याला अपवाद एकच, श्रद्धांजलीचा फ्लेक्स. तिथं कुणाच्याच हातात काही नसतं. मागच्या वर्षी रात्री साडेदहाला शटर अर्धं खाली ओढलेलं असताना एक पोरगा वाकून आत आला, आजोबा गेले, सकाळी आठला माती, फ्लेक्स हवा. फोटो? मोबाईलमध्ये एकच, कुणाच्यातरी लग्नातला, आजोबांच्या डोक्याला गुलाबी फेटा आणि खांद्यावर कुणाचातरी अंगठीवाला हात. हात काढला, ते सोपं असतं. फेट्याचं काय करायचं? काढला तर खाली केस कुठून आणू, दुसऱ्याच्या डोक्याचे केस मेलेल्या माणसाला लावायचे का! बराच वेळ नुसती बघत बसले आणि मग फेटा तसाच ठेवून त्याचा गुलाबी रंग काढून टाकला, पांढरा केला. पोरगा स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाला, बेंदराला असाच पटका बांधायचे. ते काम मी पाऊण तासात दिलं आणि घाई केली असं मला एकदाही वाटलं नाही.

बाकीच्यांचं मात्र वेगळं. मजकूर येतो व्हॉट्सॅपवर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवरच्या मराठीत, आमचं डिझाईनचं सॉफ्टवेअर जुनं कोरल, त्यात सगळं काम श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात. कन्व्हर्टरमधून काढला की रफार कुठंतरी उडी मारून बसतो, जोडाक्षरं फुटतात, कधी वेलांटी एकटीच शेवटी लोंबकळते. म्हणजे तुम्ही "रेडी मजकूर पाठवलाय, फक्त टाका" म्हणता ना, तो मी परत अक्षर न् अक्षर वाचत असते. पुष्कळदा सरळ नव्याने टाईप करते, लवकर होतं.

आता सगळ्यात मोठ्या घाईची गोष्ट सांगते, २०२४ च्या विधानसभेची. मतदान २० नोव्हेंबरला आणि अर्ज माघारीची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर. ३ तारखेला भाऊबीज होती. म्हणजे मी माहेरी, छपाईच्या मशीनवरचे मामा गावाकडं, कागदवाल्याचं गोडाऊन बंद, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला माघार संपून चिन्हं वाटली जाणार. पक्षवाल्यांना चिन्ह आधीच माहीत, त्यांची पत्रकं मोठ्या शहरातून छापून येतात. आमच्याकडं येतात अपक्ष. त्यांना चिन्ह ४ तारखेला कळणार आणि १८ ला संध्याकाळी प्रचार बंद. चौदा दिवस, त्यातले पहिले दोन तर छपाईतच जाणार.

आमच्या अपक्षानं अर्जात तीन चिन्हं मागितली होती, शिट्टी, रिक्षा, कपबशी. मी हुशारी केली, दिवाळीआधीच तिन्ही चिन्हांच्या तीन फायली करून ठेवल्या, शिट्टीसाठी घोषवाक्यसुद्धा. ४ तारखेला संध्याकाळी फोन आला, "ताई, शिलाई मशीन मिळालंय." बसा आता! तीन फायली गेल्या कचऱ्यात. "वाजवा शिट्टी"चं काय करणार शिलाई मशीनला? शेवटी उमेदवाराचा पुतण्याच म्हणाला, 'फाटलेलं सगळं शिवून काढू' असं टाका. मला हसू आलं, पण चाललं ते गावात.

हिशोब असा होता. वीस हजार पत्रकं, ए-फाईव्ह साईज, पुढून चार रंग, मागून नुसता काळा. आमचं मशीन मिनी ऑफसेट, एका वेळी एकच रंग. एका शीटवर चार पत्रकं बसतात म्हणजे पाच हजार शीट, आणि प्रत्येक शीट पाच वेळा मशीनमधून जाणार, पंचवीस हजार फेरे. मशीन पळतं हो तासाला पाच हजाराने, पण रंग बदलताना रोलर धुवायचे, छपाईची प्लेट बसवायची, रजिस्टर जुळवायचं म्हणजे रंगावर रंग नेमका बसवायचा, हे कोण मोजतं. शिवाय पुढची शाई वाळल्याशिवाय मागची बाजू लावली की वरच्या कागदाचा रंग खालच्याला लागतो. नोव्हेंबरच्या गारठ्यात शाई लवकर वाळत नाही, तिला काय सांगणार इलेक्शन आहे म्हणून.

त्यात अनुक्रमांक. पत्रकावर 'मशीनवर अनुक्रमांक अमुक, समोरचं बटण दाबा' असं छापायचं असतं आणि तो नंबर अंतिम यादी लागल्यावरच पक्का होतो. कार्यकर्ते फोनवर म्हणत होते अकरा धरा, अकराच आहे, प्लेट टाका. मी म्हणलं यादीचा फोटो पाठवा. "ताई तुमचा विश्वास नाही का?" नाही. विश्वासावर प्लेट काढली आणि नंबर चुकला तर कागद माझा जातो. यादी रात्री नऊ वाजता आली. नंबर अकरा नव्हता, बारा होता.

आणि तो डिक्लेरेशनचा कागद! लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क, निवडणुकीच्या कुठल्याही पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे, आणि छापायच्या आधी प्रकाशकानं सही केलेलं डिक्लेरेशन दोन प्रतींत, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. नाही घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी दर निवडणुकीत सांगते आणि दर निवडणुकीत समोरचा माझ्याकडं असं बघतो की मी हे आत्ता मनानं काढलंय. रात्री अकराला दोन ओळखणारे शोधायला गेले, एक मिळाला पानटपरीवर, दुसरा झोपेतून उठवून आणला. तो बनियनवर येऊन सही करून गेला, काय छापतोय हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

एवढं सगळं करून चूक राहिली असती ती वेगळीच. मजकुरात होतं 'मंगळवार दि. २० नोव्हेंबर'. माझी एक सवय आहे, लग्नपत्रिकांनी लावलेली, तारीख दिसली की भिंतीवरच्या कॅलेंडरकडं मान वळतेच. बुधवार होता. प्रूफवर उमेदवार, त्याचा भाऊ, पुतण्या आणि एक शिक्षक अशा चौघांच्या सह्या होत्या, "ओके" लिहून. बुधवार करून घेतला, प्लेटला फाईल गेली साडेबाराला, आणि दुसऱ्या दिवशी मामा एसटीनं थेट दुकानातच उतरले, हातात चिवड्याचा डबा. ६ तारखेला दुपारी बंडलं गाडीत चढली. आमचे हे कटिंगला उभे राहून राहून दोन दिवस जिना चढताना कण्हत होते. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख आणि आमचं बिल मात्र "इलेक्शन झालं की लगेच". अर्धं आलं. अर्ध्याबद्दल मी आता विचारत नाही.

पण २३ तारीख माझी होती. निकालाच्या आदल्या रात्री मी दोन मोठ्या उमेदवारांच्या 'विजयी' फ्लेक्सच्या दोन्ही फायली करून ठेवल्या, फक्त मतांचा आकडा रिकामा. सकाळी दहाला एकाची माणसं आली, चार फेऱ्यांची आघाडी, आत्ताच काढा, मिरवणुकीला गाडीवर लावायचाय. मी म्हणलं थोडं थांबा. थांबायला तयार नाहीत, रोख पैसे टेबलावर. शेजारच्या गल्लीतल्या मशीनवर वीस बाय दहाचा फ्लेक्स निघाला, कडा दुमडून रिंगा मारून झाल्या, आणि बाराच्या सुमारास आघाडी फिरली. न्यायला कुणी आलंच नाही. दीडला दुसऱ्याची माणसं आली, घामाघूम, "ताई, काही नाही, फक्त फोटो बदलायचाय!"

तो पहिला फ्लेक्स आम्ही उलटा करून मागच्या शेडमध्ये कागदाच्या रिमांवर टाकलाय. जाड आहे, पावसाचं पाणी आत आलेलं नाही. वारा सुटला की एक कोपरा उलटतो आणि खालून साहेब हात जोडलेले दिसतात.