म्हाताऱ्या उंदरांनी माझा अंदाज चुकवला

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला दोन वर्षांचे उंदीर आले. प्रयोगशाळेतल्या उंदरासाठी हे म्हातारपणच. भूलभुलैयात असे उंदीर हमखास वाट चुकतात, तेव्हा कुठल्या चवीनंतर मळमळलं होतं तेही विसरतील, असं मी धरून चाललो होतो.

एथिक्स कमिटीची परवानगी मिळाली आणि काम सुरू झालं. उंदराला सॅकरिनचं गोड पाणी पाजायचं, नंतर मळमळ आणणाऱ्या लिथियम क्लोराइडचं इंजेक्शन द्यायचं. उंदराला उलटी होत नाही. मळमळलं की तो पोटावर पसरून गप्प पडतो. पुढच्या वेळी तेच गोड पाणी तो टाळतो. गार्सिया आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये इंजेक्शनऐवजी किरणोत्सर्ग वापरून हे दाखवलं होतं.

पहिल्या चाचणीत म्हाताऱ्यांनी गोड पाणी जेमतेम चाखलं. मी आलेख काढून गाईडकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि साधं पाणी किती प्यायले?"

तो आकडा माझ्याकडे नव्हता. म्हातारे उंदीर मुळातच सावकाश पितात, त्यात अनोळखी चवीला सगळेच उंदीर बिचकतात. म्हणजे मी मोजलं ते नेमकं काय, हेच सांगता येईना. वर बाटली उलटी करताना थेंब गळायचे, ते वेगळेच. महिनाभराची मेहनत पाण्यात गेली (अक्षरशः).

शिकलेले उंदीर पुन्हा वापरता येईनात, म्हणून नवे घेतले. या वेळी दोन बाटल्या ठेवल्या, एक साधी, एक गोड, आणि डावी-उजवी रोज बदलली. नुसतं सलाइन टोचलेला गटही ठेवला. एकूण पिण्यात गोड पाण्याचा वाटा किती, हेच पाहायचं ठरलं.

मग चव आणि इंजेक्शन यांत तीन तासांचं अंतर ठेवलं. तरुण उंदरांचा तिटकारा बराच ओसरला. म्हाताऱ्यांचा टिकला! असं होतं हे मी पेपरांत वाचलेलं होतं, पण मनापासून पटलं नव्हतं. वयानुसार शरीरातलं घड्याळ मंदावतं, त्यामुळे तेवढाच वेळ त्यांना कमी भासत असावा, असं एक स्पष्टीकरण आहे. मला ते आवडतं, पण सिद्ध झालंय असं म्हणणार नाही.

माझी चूक भूलभुलैयावर विसंबण्याची होती. वाट लक्षात ठेवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो आणि म्हातारपणाचा फटका त्याला चांगलाच बसतो. चवीचा तिटकारा मुख्यतः इन्सुलर कॉर्टेक्स, अमिग्डाला आणि ब्रेनस्टेम या मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या भरवशावर चालतो. एक भाग थकला म्हणून सगळा मेंदू विसराळू होत नाही.

शेवटी तिटकारा पुसायचा होता: रोज गोड पाणी द्यायचं, इंजेक्शन नाही. तरुण उंदीर हळूहळू परतले. एक म्हातारा मात्र बाराव्या दिवशीही गोड बाटलीला जीभ लावून मागे सरला, हनुवटी पिंजऱ्याच्या तळाला घासली आणि साध्या पाण्याकडे वळला.