काळ्या साडीवरचा कोंडा

ग्वाल्हेरला डिसेंबरात खोबरेल एकदा थिजलं की फेब्रुवारीपर्यंत बाटलीत दगडच. रोज सकाळी पार्लर उघडलं की माझं पहिलं काम म्हणजे पातेलंभर गरम पाण्यात तेलाच्या बाटल्या उभ्या करणं. शहराच्या लश्कर भागात, नया बाजारच्या मागे बावीस वर्षं हे चाललंय. आणि हिवाळ्यात डोकं खाजवत येणाऱ्या प्रत्येकीला बावीस वर्षं मी एकच सांगत आले, ‘कोरडं पडलंय, तेल लावा.’

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. धुकं अकरापर्यंत हललं नव्हतं. ओळखीच्या एक काकू सुनेला घेऊन आल्या. सून पुण्याची, लग्न मे महिन्यातलं, इथली पहिलीच थंडी. संध्याकाळी घरी हळदीकुंकू, तिची पहिली संक्रांत. पिशवीत हलव्याचे दागिने होते, हार, बाजूबंद, बिंदी, मुकुट, अंबाड्यात खोवायची वेणी. फक्त केस करायचे म्हणून ती काळी चंद्रकळा नेसूनच आली होती. तिच्या खांद्यांवर पांढरा भुगा दिसला. मला आधी वाटलं, हलव्याचा चुरा सांडलाय.

“बघ ना गं,” काकू म्हणाल्या, “एक दिवसाआड मी स्वतः मोहरीचं तेल जिरवते, फणीने कोंडा काढून देते, तरी हे असं. तू जरा गरम तेल लावून वाफ दे, मग अंबाडा घाल.”

डिसेंबरातही त्या आल्या होत्या. तानसेन समारोह, इथला गाण्याचा मोठा उत्सव, चालू होता, आठवण पक्की आहे, कारण रस्त्यात अडकल्यामुळे उशीर झाल्याचं सांगत होत्या. तेव्हा माझ्या मुलीने, म्हणजे कामाला असते तिने, तेल लावून वाफ दिली. मी लांबूनच म्हटलं होतं, ‘पुण्याची आहे, इथली थंडी मानवायला वेळ लागेल.’ साडेतीनशे रुपये घेतले होते.

या वेळी मुलगी रजेवर होती. मी काकूंना बाहेर हीटरपाशी बसवून चहा दिला आणि स्वतः भांग पाडायला घेतला. पहिलाच भांग पाडला आणि हात थांबला.

थंडीने कोरडी पडलेली टाळू मी हजारदा पाहिली आहे. पिठासारखा बारीक भुगा असतो, डोकंभर सारखा, आणि त्या बाईचे हातपायही उललेले असतात. बहुतेक वेळा कारण गीझर असतं. कढत पाणी डोक्यावर, त्यात बोअरचं जड पाणी, ओले केस तसेच लोकरी टोपीत कोंबलेले. पाणी कोमट करा, तेल न्हाण्याआधी तासभर लावा, कंडिशनर टाळूला न लावता केसांच्या लांबीला लावा, एवढ्यावर निभावतं. खरा कोंडा वेगळा. तो चिकट, पिवळसर. त्याच्यामागे असते ती बुरशी तेलावरच जगते, म्हणून त्यावर तेल थापणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. हे मलाही उशिराच कळलं.

हे दोन्ही नव्हतं. चांदीसारखे जाड पापुद्रे, एकावर एक. कडा आखल्यासारखी स्पष्ट, आणि ती केसांची रेघ ओलांडून बोटभर कपाळावर उतरलेली. कानामागे तर थरच. जिथे फणी लागली होती तिथे खालची कातडी लाल आणि तिच्यावर रक्ताचे टाचणीएवढे ठिपके. मी काही न बोलता तिचा हात हातात घेतला. नेलपॉलिश लावायच्या निमित्ताने, खरं तर नखं बघायला. नखांवर शिवताना बोटात घालायच्या टोपणावर असतात तशा बारीक खळ्या होत्या. माझ्या चुलतभावाची नखं अशीच आहेत.

आरशात तिने माझ्याकडे पाहिलं. “ताई, बारावीपासून आहे,” ती अगदी हळू म्हणाली. “उन्हाळ्यात जातं. लग्न ठरलं तेव्हा नेमकं गेलेलं होतं. मग सांगायचं राहूनच गेलं. ह्याला माहीत आहे, आईंना नाही.”

“औषध?”

“इथे आल्यावर बंद केलं. बाटली ठेवणार कुठे?”

बाहेर पातेल्यात तेल विरघळत होतं. अर्धा तास चोळून वाफ दिली असती तर पापुद्रे मऊ होऊन खाली बसले असते, साडी स्वच्छ दिसली असती, काकू खूश. पण मालिश म्हणजे घासणं आलं, आणि या दुखण्यात जिथे ओरखडा जातो तिथे ते नव्याने उठतं, हे भावाच्या कोपरांवर पाहिलं होतं. तिचं गुपित फोडायचा हक्क मला नव्हता. पण माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते माझं होतं.

बाहेर जाऊन म्हटलं, “काकू, हा कोंडा नाही. मी याला तेल लावणार नाही, वाफही नाही. फणी तर आजपासून बंद. कातडीच्या डॉक्टरला दाखवा.”

त्यांनी कप खाली ठेवला. “लागण होते का गं?”

“मला वाटतंय तेच असेल तर नाही. माझ्या भावाला पंचवीस वर्षं आहे. आम्ही एका ताटात जेवून मोठे झालो.”

बराच वेळ त्या हीटरच्या लाल तारेकडे बघत राहिल्या. “म्हणजे मी रोज तिचं डोकं...” एवढंच म्हणाल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या, “आणि तू डिसेंबरात साडेतीनशे घेतलेस ते?”

गल्ल्यातून काढून दिले. मोजून घेतले त्यांनी.

पुढच्या आठवड्यात इथल्या जयारोग्य रुग्णालयात दाखवलं, सोरायसिसच निघाला. कातडी बदलण्याचं महिन्याभराचं काम तिथे चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून थरावर थर चढतो, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं काकूच मला येऊन समजावून गेल्या. थंडीत हवा कोरडी, ऊन कमी, म्हणून ते उफाळतं. डांबराचा शाम्पू दिलाय. घरात नव्या सडकेचा वास येतो म्हणतात.

त्या दिवशी मी केस नुसते विंचरून मानेवर सैल वेणी घातली, हलव्याची वेणी तिच्या टोकाला गुंफली. मुकुट आणि बिंदी पिशवीतच राहिली, ती बरोबर त्या कडेवर टोचली असती. साडी बदलावी का, असं तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, “काळीच राहू दे. पहिली संक्रांत आहे.”

संध्याकाळी मीही गेले. खोली बायकांनी भरलेली, तिळगुळाच्या शेजारी ग्वाल्हेरच्या रिवाजाप्रमाणे गजकची, म्हणजे तिळाच्या कुरकुरीत वड्यांची, ताटली. कुणीतरी विचारलंच, मुकुट का नाही घातला? “टोचतो तिला,” काकू म्हणाल्या आणि अत्तर लावायला पुढे सरकल्या. जाता जाता सुनेच्या खांद्यावरून पदर सारखा केल्यासारखा हात फिरवला.

निघताना त्यांनी माझी ओटी भरली, वाण हातात ठेवलं. लाकडी फणी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“दोन डझन आधीच आणून ठेवल्या होत्या गं,” त्या म्हणाल्या. “करू काय?”