बाकाखालची बॅग

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार, रात्र

मेढ्याहून, वन्संकडून येऊन दोन तास झाले. भाकऱ्या टाकल्या, हे जेवले, भांडीही आवरली. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते हसणार आणि ते हसले की माझे डोळे भरून येणार. नकोच ते. त्यापेक्षा वहीत लिहिते.

झालं काहीच नाही. काही झालं असतं तर सांगायला तरी सोपं गेलं असतं.

सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर पोचले तेव्हा मेढ्याची गाडी लागायला अर्धा तास होता. मोती चौकातून अर्धा किलो कंदी पेढे घेतले होते, ती कापडी पिशवी मांडीवर. शेजारी एक आजी, नऊवारी नेसलेली, कपाळावर गोंदण, सोबत सात-आठ वर्षांचा नातू. तो कुरमुरे खात होता आणि निम्मे सांडत होता. आणि बाकाखाली एक काळी रेक्झिनची बॅग. फुगलेली. चेन अर्धीच लागलेली.

बाकाखाली बघायची मला सवयच आहे. मंगल कार्यालयात बघते, दवाखान्यात बघते, एकदा श्राद्धाच्या पंगतीत पाटाखाली बघितलं होतं. हे म्हणतात, एकोणतीस वर्षं लोकल केली की मानेला असा बाक येतोच.

पाच मिनिटं गेली, दहा गेली, बॅगेकडे कोणी फिरकेना. १० तारखेला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीचा स्फोट झाला, तेव्हापासून घरात टीव्हीवर तेच चालू आहे, त्यामुळेही असेल. मी उठले. कोणाला काही बोलले नाही. आजीलाही नाही. सरळ चालत चौकशीच्या खिडकीच्या पलीकडे गेले आणि खांबाआड उभी राहिले. त्यातल्या त्यात जाड खांब निवडला होता. हे लिहायला नको होतं, पण आता लिहिलं.

खिडकीतल्या कंट्रोलरला सांगावं असं आलं होतं मनात. पण सांगितलं आणि बॅगेतून कोणाचे मळके कपडे निघाले तर? अख्खा स्टँड बघत बसला असता. हसं होईल म्हणून बोलले नाही आणि मरू म्हणून लांब गेले. दोन्ही भीत्या व्यवस्थित सांभाळल्या. आजी आणि तिचा नातू राहिले तिथेच.

खांबाआडून मी त्या पोराकडे बघत होते. तो पाय हलवत होता. त्याची टाच दर वेळी बॅगेला लागत होती.

मग एक कॉलेजचा मुलगा आला, हातात कागदात गुंडाळलेले दोन वडापाव. एक त्याने त्या पोराला दिला. म्हणाला, "आजी, बघितलं ना बॅगंकडं?" आजी म्हणाली, "व्हय की. बंद पायाखालीच धरलाय न्हवं." आणि खरंच, बॅगेचा बंद तिच्या पायाखाली होता. म्हणजे तो तिच्याकडे सोपवून गेला होता. मी यायच्या आधी, नाहीतर माझ्या देखतही असेल. दहा मिनिटं बॅगेकडे टक लावून बघणाऱ्या मला तो पाय दिसला नाही.

मी पुन्हा जागेवर येऊन बसायला गेले तर आजी म्हणाली, "कुठं गेलता वो ताई? पिशवी हितंच टाकून गेलासा. ह्यो हात लावत हुता, मी लावू दिला न्हाई."

माझी पेढ्यांची पिशवी. मांडीवरून उठताना बाकावर ठेवली असणार. सात-आठ मिनिटं ती तिथे बेवारस पडली होती आणि स्टँडवर एक माणूस तिला घाबरला नाही.

मी खोका फोडला आणि पोराच्या हातावर दोन पेढे ठेवले. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो." मला राहवेना.

गाडीत खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर काही दिसलं नाही. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मेढ्याची गाडी माहेरवाशिणींनी भरलेली असते, एरवी मला त्या गप्पा ऐकायला आवडतं. आज त्या रस्त्याला २६/११ च्या हल्ल्यातले पोलीस तुकाराम ओंबळे आठवले. बुधवारी सव्वीस तारीख, त्यांच्या फोटोला हार पडतील. जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. गिरगाव चौपाटीवर हातात काठी, समोर कसाबची बंदूक. तिची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. मी काही स्वतःची तुलना करत नाही, एवढी अक्कल आहे. माझ्यासमोर बंदूक नव्हतीच. "आजी, ही बॅग कोणाची?" चार शब्द होते.

चार शब्द का निघाले नाहीत, ते दिवसभर शोधते आहे. आणि दर वेळी २००६ च्या जुलैपाशी येऊन अडकते.

११ जुलै, मंगळवार. मी सव्वासहाच्या सुमाराला डोंबिवलीच्या गाडीत होते. घाटकोपरला नवीन बायका चढल्या, त्यांनी सांगितलं, बॉम्बस्फोट झालेत, वेस्टर्नला. आमचा सगळा डबा एकदम सैल झाला. कोणीतरी म्हणालं, "बरं बाई, आपली लाइन नाही." 'कोणीतरी' असं मी गेली एकोणीस वर्षं सांगते. मीच म्हणाले होते.

घरी येऊन टीव्ही लावला. अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासमध्ये. नऊ वाजता, मुगाची खिचडी ताटात वाढताना आठवलं, भाऊजींचा चर्चगेट-भाईंदर फर्स्ट क्लासचा पास. दोन तास मला वन्संची आठवणच नव्हती. नंतर फोन लागेना. भाऊजी रात्री दीडला पोचले, निम्मी वाट चालत, पावसात भिजून. रुळांजवळच्या वस्तीतल्या लोकांनी चहा-बिस्किटं दिली म्हणाले. ओळख ना पाळख. वन्सं आजही ते सांगताना रडतात आणि मी मान हलवत ऐकते.

यंदा २१ जुलैला हायकोर्टाने त्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. भाऊजी फोनवर एवढंच म्हणाले, "मग इतकी वर्षं आपण शिव्या दिल्या त्या कोणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पावसाचं विचारलं.

त्या जुलैतलंच अजून एक. लेडीज डब्यात कुर्ल्याला एक बुरख्यातली बाई चढली, मोठी पिशवी घेऊन. कोणी काही बोललं नाही, फक्त बाकावर तिच्यासाठी जरा जास्तच जागा झाली. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि आपण होऊन उघडून धरली. डबा, छत्री, निवडायला घेतलेली मेथी. तशीच उघडी धरून बसली, ठाण्यापर्यंत. कोणी विचारलं नव्हतं तिला. सरकलेल्यांत मीही होते. ते आज नको.

आणि २००८. तेव्हा तर मी त्याच व्हीटीवरून तीन-चार तास आधी गाडी पकडली होती. साताऱ्याहून रात्रभर फोन. इथे घरटी कोणी ना कोणी मुंबईला, त्यामुळे त्या रात्री सातारा झोपलाच नसेल. शनिवारी सकाळी ताजमधलं संपलं आणि सोमवारी, १ डिसेंबरला, मी ऑफिसला गेले. व्हीटीची फरशी धुऊन स्वच्छ होती. मी पाय उचलून उचलून चालले, ओल्या अंगणातून चालावं तशी. पेपरात आमच्या स्पिरिटचं कौतुक. मला स्पिरिट म्हटलं की इंजेक्शनच्या आधी दंडावर चोळतात ते आठवतं, गार लागतं आणि लगेच उडून जातं. मी गेले कारण दोनच रजा शिल्लक होत्या आणि त्या धाकटीच्या हळदीसाठी ठेवल्या होत्या. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. साहेबांनी नाही, ह्यांनी नाही, साताऱ्याहून इतके फोन आले त्यांतल्या एकानेही नाही की तुला गाडीत बसताना काय होतं. सगळे विचारायचे, गाड्या चालू झाल्या का?

हे लिहिताना डोळ्यांतून पाणी आलं. पण आता वाचून पाहिलं तर हळद काय, खिचडी काय, जाड खांब काय. रडण्यासारखं त्यात फार काही नाही. एकोणसाठ वर्षांची बाई पेढ्यांची पिशवी टाकून पळाली, एवढंच. पळताना गुडघाही दुखला नाही, एरवी जिना चढताना देवाचा धावा करते.

सहा वर्षं झाली इथे येऊन. मला वाटत होतं ते सगळं डोंबिवलीच्या घराबरोबर विकून आलो. पोवई नाक्यावर नवा भुयारी रस्ता झाला तेव्हा त्यातून पहिल्यांदा जाताना मी रिक्षावाल्याला विचारलं होतं, आत फोनला रेंज येते का. तो म्हणाला, "मावशी, दोन मिनिटाचा रस्ता हाय, कुणाला फोन करायचाय?" तेव्हाच कळायला हवं होतं.

आजीला भीती वाटली नाही ते तिला काही माहीत नाही म्हणून, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत होते. पण तिला माहीत होतं की. बॅग कोणाची ते. तिने विचारून घेतलं होतं, तो वडापाव आणायला कुठे गेलाय तेही. मला बेवारस वस्तूंना हात लावू नका हे पाठ आहे, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. शेजारच्या बाईशी बोलायचं कसं, ते मात्र डब्यात चांगलं यायचं. चौथी सीट मागायला, भाजी निवडून द्यायला. ते कुठे गेलं?

वन्संनी दुपारी पेढ्यांचा खोका हातात घेतला, झाकण हलवून बघितलं. "हे काय गं, फोडलेला?"

भाऊजी समोर पेपर वाचत होते. सांगायचं ठरवलं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं, आजचंही आणि लाइनचंही.

मी म्हटलं, "गाडीत भूक लागली होती."

"दोनच खाल्लेस?" वन्सं म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी पोहे टाकले. मी दोनदा घेतले.