प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि आडवी पडलेली सुई

रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये येऊन क्लच सोडला की गाडीच्या तळातून 'टक्' असा कोरडा आवाज येत होता, आणि अगदी कमी वेगात, खिडकीची काच खाली असली की, बारीक चिवचिव ऐकू येत होती, जी वेगाबरोबर जलद होत असे. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की माझा पहिला संशय युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसवर जातो. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना, कोनातही फिरू शकणारे हे सांधे असतात, आणि क्रॉस म्हणजे त्यांच्या मधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. गाडीखाली जाऊन जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, दोन हातांनी धरून उलटसुलट पिळले, तेव्हा दोघांमध्ये किंचित पण स्पष्ट खेळ जाणवला. शाफ्ट एका हाताने फिरवून पाहणे पुरेसे नसते, कारण तेव्हा डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरसंचाच्या, दात्यांमधला नैसर्गिक खेळही त्यात मिसळतो. मागच्या जॉइंटच्या एका सीलभोवती विटकरी रंगाची भुकटीही साचली होती. आतले ग्रीस संपले, पाणी शिरले आणि गंज दळला जाऊ लागला, असा तिचा अर्थ होतो.

शाफ्ट सोडण्यापूर्वी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले. मागच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमध्ये ठेवलेली असली तरी शाफ्ट सुटताक्षणी इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर बसवलेला असतो, त्यांत हँडब्रेकही निरुपयोगी होतो. त्यानंतर फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आणि योक यांच्यावर, तसेच सरकणाऱ्या स्प्लाइनच्या (एकमेकांत बसणाऱ्या दातेरी खाचांच्या जोडाच्या) दोन्ही भागांवर, पंचने खुणा केल्या. खडूच्या खुणा तेलकट हातांनी पुसल्या जातात, म्हणून मी त्यांच्यावर विसंबत नाही.

या खुणांचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. कोनात फिरणारा एकटा क्रॉस गती एकसारखी पुढे देत नाही. कोन १० अंशांचा असेल, तर पुढचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्क्याने पुढे धावतो आणि दोनदा तितकाच मागे रेंगाळतो. मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर ही ओढाताण सेकंदाला १०० वेळा होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक बरोबर उलटा करून मिटवतो, परंतु त्यासाठी दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. स्प्लाइन दोन-तीन दाते चुकून बसली, तर कोरा क्रॉस घालूनही गाडी थरथरते आणि दोष मात्र नव्या भागाला दिला जातो.

क्रॉसच्या चारही टोकांवर टोपीसारखे कप असतात आणि खोबणीत बसणाऱ्या सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगच्या कड्या, त्यांना योकमध्ये अडवून धरतात. जुना क्रॉस काढताना या सर्क्लिप गंजाने घट्ट बसल्या होत्या, म्हणून कपावर हलका ठोका देऊन त्यांच्यावरचा दाब आधी सैल केला. मग व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) एका बाजूला कपापेक्षा लहान आणि दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असा मोठा सॉकेट धरून कप बाहेर दाबले. शाफ्टची नळी मात्र व्हाइसमध्ये कधीही आवळू नये, कारण ती पातळ असते आणि एकदा चेपली की शाफ्टचा तोल जातो. क्रॉस पुसून उजेडात धरला, तेव्हा त्याच्या एका टोकावर सुयांच्या रुंदीच्या समांतर खाचा उमटलेल्या दिसल्या. नख फिरवले की त्या एकेक करून लागत होत्या. ती चिवचिव आणि तो 'टक्' या खाचांमधूनच येत होता.

नवा क्रॉस बसवताना खरी परीक्षा असते. प्रत्येक कपाच्या आतल्या भिंतीला सुयांसारखे बारीक रोलर ओळीने उभे असतात आणि त्यांना जागेवर धरून ठेवते ते केवळ ग्रीस. तिसरा कप दाबताना व्हाइसचा दांडा अचानक जड झाला आणि सर्क्लिपची खोबणी अर्धीच दिसत राहिली. इथे आणखी जोर लावण्याचा मोह होतो. मला त्याच क्षणी थांबणे योग्य वाटले. कप परत बाहेर घेतला, तर एक सुई सुटून तळाशी आडवी पडली होती. तिला वाकवून खोबणी गाठता आलीही असती, पण असा जॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा वाजू लागतो. सुई ग्रीस लावून जागी उभी केली, क्रॉसचे टोक समोरून कपात थोडे आत सरकवून सुयांना आधार दिला आणि मग दोन्ही कप एकाच वेळी, थोडे थोडे दाबले. या वेळी खोबणी पूर्ण उघडी झाली आणि सर्क्लिप स्वच्छ आवाज करून बसली.

चारही सर्क्लिप बसल्यावर जॉइंट ताठ वाटत होता. योकच्या कानांवर मऊ हातोडीने बाहेरच्या दिशेने हलके ठोके दिल्यावर कप सर्क्लिपला टेकले आणि जॉइंट चारही बाजूंना सारखा, कुठेही न अडता झुकू लागला. ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचे तोंड, शाफ्टच्या बाजूला, गन पोहोचेल असे ठेवले होते. चारही सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत गन चालवली. एखाद्या सीलमधून ते आलेच नाही, तर तो कप कोरडा राहिला असे समजावे. फ्लँजचे बोल्ट आणि लॉक नट नवे घेतले, खुणा जुळवल्या आणि ते समोरासमोर आलटून पालटून टॉर्क पान्याने आवळले.

अर्ध्या तासाची फेरी मारून सपाट जागी गाडी उभी केली, ठोकळे लावले आणि सायलेन्सरच्या नळीपासून हात जपत चारही कपांना बोट लावून पाहिले. चारही सारखेच कोमट होते, म्हणजे कुठलाही कप घासत नव्हता.