आजींचं ईस्टरचं ताट

गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर जेवणाबद्दल बहुतेक वेळा एकच ओळ असते: 'मऊ आहार'. किती मऊ, त्यात मीठ-मसाला घालायचा की नाही, सणावाराला काय करायचं, यातलं काहीच तिथे नसतं. मग घरचे घाबरून रोज तीच फिक्की पेज भरवतात आणि माणूस हळूहळू खाण्यातून मन काढून घेतो. मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोलण्यासारखंच गिळणंही आमच्याच कामात येतं, हे बहुतेकांना घरातलं कुणी आजारी पडल्यावर कळतं. वसई-विरार भागात घरोघरी जाऊन मी असे रुग्ण बघते. त्यातल्या एका पवित्र शनिवारबद्दल आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या ईस्टरबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

घर वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, कुपारी ख्रिस्ती कुटुंबाचं. मागे केळीची वाडी, पुढे मोगऱ्याचे वाफे. घरात आपसांत सामवेदी बोलतात, माझ्याशी मराठीत. ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारानंतर थोड्याच दिवसांत आजींना पक्षाघात झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली, त्यामुळे शरीराची डावी बाजू लुळी पडली. बोलणं थोडं जड झालं, पण शब्द, आठवण, स्वभाव सगळं जागच्या जागी होतं. गिळण्याचा मात्र घोटाळा झाला होता. आपण घास गिळतो त्या क्षणी श्वासनलिकेचं तोंड बंद व्हावं लागतं. ते वेळेवर झालं नाही की अन्न किंवा पाणी फुप्फुसाकडे उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. त्यातही वाईट म्हणजे काही रुग्णांना अशा वेळी ठसकाही लागत नाही. म्हणून दर दोन-तीन घासांनंतर मी 'आ' म्हणायला लावते. आवाज ओलसर, घोगरा आला तर घशात काहीतरी अडकून राहिलंय असं समजायचं.

ईस्टरच्या आधीच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारापर्यंत आजींच्या नाकातली अन्न द्यायची नळी निघाली होती. अन्नाच्या घट्टपणाचं एक आंतरराष्ट्रीय माप आहे, ० ते ७ अशा आठ पायऱ्यांचं. साध्या पाण्याची पायरी शून्य, आपल्या रोजच्या जेवणाची सात. आजी चौथ्या पायरीवर होत्या: गुठळी नसलेलं, चावावं न लागणारं, चमच्यावर आकार धरून राहणारं अन्न. पाणी आणि चहा मात्र पावडर घालून दाट केलेला.

पवित्र आठवड्यात सुनेने मला सगळा बेत सांगितला. रविवारी दुपारी तीसेक माणसं जेवायला. आईंना अकरा वाजताच आतल्या खोलीत पेज भरवायची आणि झोपवायचं. "इंदयालचा वास आला, टेबल दिसलं, तर त्यांना वाईट वाटेल ना, मॅडम." तिच्या बोलण्यात माया होती. पण मला ते पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळून ज्या सणाची वाट पाहायची, त्या दिवशी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला दार लावून आत ठेवायचं? आजींच्या ताटात त्या दिवशी तेच असायला हवं होतं जे इतरांच्या ताटात असेल, फक्त त्यांच्या घशाला झेपेल अशा रूपात. शनिवारी सकाळीच येते, आपण दोघी मिळून करू, असं मी म्हटलं.

शनिवारी पोहोचले तेव्हा स्वयंपाकघरात लगबग चालू होती. डुकराच्या मांसाचं इंदयाल आदल्या दिवशी करून मुरवतात. सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, हळद व्हिनेगरमध्ये वाटून केलेला त्याचा मसाला अंगणापर्यंत दरवळत होता. फुग्यांचं, म्हणजे पावासारख्या तळलेल्या गोळ्यांचं, पीठ रविवारी पहाटे भिजवायचं ठरलं होतं. ओसरीवर नात टेबलासाठी पांढऱ्या कापडाला इस्त्री करत होती, तिच्यामागे भिंतीवर येशूच्या क्रूसाला झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी खोचलेली. त्याच झावळ्या जाळून पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारची राख होते, हे मला आजींनीच पूर्वी एकदा सांगितलं होतं.

आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मार्झिपानची अंडी. हे खातं वर्षानुवर्षं आजींचं. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी मंद आचेवर भांड्याची कड सोडेपर्यंत घोटायचं, रबरी साच्यात दोन अर्धुकं थापायची, जोडायची आणि वर आयसिंगने वेली, फुलं, नावं काढायची. शेजारपाजारच्या मुलांना ईस्टरला आजींच्या हातचं अंडं मिळतंच. यंदा सुनेने अंडी तयार केली होती, पण नक्षी कोण काढणार? आजींचा उजवा हात चांगला होता. मी त्यांना खुर्चीत ताठ बसवलं, डाव्या बाजूला उशीचा आधार दिला आणि आयसिंगचा कागदी कोन हातात ठेवला.

हात जराही विसरला नव्हता. बारीक ठिपके, मग कळी, मग पान. नात टाळ्या वाजवायच्या बेतात होती. मग आजींनी अंडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "झालं." उजव्या अर्ध्या भागावर भरगच्च वेल होती आणि डावा अर्धा भाग कोरा. दुसरं अंडंही तसंच, तिसरंही. नातीचे डोळे भरून आले. सून हळूच म्हणाली, "राहू दे, मी करते."

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की अनेकांना डावीकडचं भान राहत नाही. डोळे ठीक असतात, पण ती बाजू मनापर्यंत पोचतच नाही. ताटातल्या डावीकडच्या वाटीला हात लागत नाही, फुलाच्या डावीकडच्या पाकळ्या काढायच्या राहतात. आजींच्या दृष्टीने अंड्यावरची नक्षी पूर्ण झाली होती. मी सगळ्यांना थांबवलं, अंडं उचललं आणि अर्धा वळसा देऊन पुन्हा त्यांच्यासमोर ठेवलं. आता कोरी बाजू उजवीकडे आली. आजींनी बघितलं, भुवया उंचावल्या आणि कुणी काही न सांगता उरलेली वेल भरायला घेतली. त्यानंतर नातीचं काम ठरून गेलं: आजी "झालं" म्हणाल्या की अंडं फिरवायचं. प्रत्येक अंड्यावर मधोमध दोन वेली एकमेकींना भिडल्याची शीर दिसत होती. मला ती नक्षी फार आवडली. मी केसपेपरवर भानाची नोंद करताना ते अंडंही रेखाटून ठेवलंय.

मग आम्ही दोघी जेवणाकडे वळलो. मी शाकाहारी आहे, पण या कामात चव घ्यावी लागत नाही, काटा आणि चमचा पुरतो. सुनेने इंदयालमधलं मऊ शिजलेलं मांस त्याच्याच रश्शात मिक्सरमधून काढलं, मिरचीची सालं राहू नयेत म्हणून चाळणीतून घासून गाळलं. काट्यावर घेतलं तर बाजूने लालसर पाणी सुटून ठिबकायला लागलं. असं दोन भागांत फुटलेलं अन्न धोक्याचं. घट्ट भाग तोंडात राहतो आणि पाणी आधीच घशात घरंगळतं. उकडलेला बटाटा घालून पुन्हा फिरवलं. आता काट्यावर ढीग बसून राहिला, खाली छोटी शेपटी लोंबली पण ठिबकली नाही. चमचा तिरका केल्यावर सगळं एकाच गोळ्यात खाली पडलं, चमच्याला फारसं काही चिकटलं नाही. हीच चौथी पायरी.

भात आणि फुग्या यादीतून काढाव्या लागल्या. भाताची शितं तोंडात पसरतात, पावाच्या जातीचा पदार्थ लाळेने चिकट गोळा होतो. मार्झिपानही तसंच, टाळूला धरून बसणारं. ते देणार नाही म्हटल्यावर सुनेचा चेहरा पडला. पण मार्झिपानमध्ये असतं तरी काय? काजू, साखर, गुलाबपाणी. भिजवलेले काजू बारीक वाटून, दूध घालून, श्रीखंडाइतके सैल केले. पहिल्यांदा चमच्याला चिकटले, थोडं दूध वाढवलं, तेव्हा जमलं. मग मला ते रबरी साचे आठवले. इंदयाल एका साच्यात, भोपळ्याचं मऊसर भरीत दुसऱ्यात. बशीत उपडे केले तर अंड्याचे दोन सुबक आकार उभे राहिले.

एक चमचा आजींना देऊन बघायचा होता, कारण उद्या पाहुण्यांच्या गर्दीत पहिला प्रयोग नको. आजींनी तोंड मिटून घेतलं. "आज नाय. रात्रीच्या मिस्सानंतर," म्हणजे चर्चमधल्या रात्रीच्या उपासनेनंतर. सून म्हणाली, आजाऱ्याला उपवास माफ असतो, फादरनीच सांगितलंय. आजी हलल्या नाहीत. इथे जबरदस्ती करणारे थेरपिस्ट मी बघितलेत, मला ते मान्य नाही. घट्टपणा तोच हवा होता, पदार्थ तोच असायची गरज नव्हती. मी वाडीतल्या केळ्याचं शिकरण तेवढ्याच दाटपणाचं केलं, काट्यावर तपासलं, व्हिनेगरच्या आंबटपणाची सवय व्हावी म्हणून दुसऱ्या वाटीत भोपळ्याला किंचित लिंबू लावलं. पाच-सहा चमचे, हनुवटी जरा छातीकडे, प्रत्येक घासाला दोनदा गिळणं. डाव्या गालात काही साठलंय का ते बोट फिरवून बघितलं. 'आ' स्वच्छ आला.

दुसरी काळजी कम्युनियनची, म्हणजे मिस्सात प्रसाद म्हणून मिळणाऱ्या पावाच्या चकतीची होती. ती पातळ चकती कोरडी असते, टाळूला चिकटते. चर्चचा नियम गरज असल्यास फक्त द्राक्षारसाच्या (वाइनच्या) रूपातही कम्युनियन द्यायला परवानगी देतो, पण आजींच्या घशाला पातळ द्रव जास्त घातक. फादरांशी फोनवर बोलले. त्यांनी लगेच मान्य केलं: अगदी छोटा कण द्यायचा, पाठोपाठ दाट केलेलं पाणी चमच्याने.

रविवारी सकाळी फादर घरी आले आणि तसंच झालं. रात्रीच्या जागरण विधीहून मुलाने आणलेली मेणबत्ती टेबलावर पेटवली होती, शेजारी मोगरा, पांढरा चाफा आणि दोन वेलींची अंडी. आजींची खुर्ची टेबलाच्या टोकाला. सगळं जेवण जरा उजवीकडे मांडलं आणि धाकट्या नातवाला मुद्दाम डावीकडे बसवलं, म्हणजे त्याच्या आवाजाने तरी त्या तिकडे वळतील.

इंदयालचा पहिला चमचा मी स्वतः दिला. आजींनी डोळे मिटले, दोनदा गिळलं. मी सवयीने म्हटलं, "आता आ म्हणा." त्या म्हणाल्या, "आलेलुया." उपवासकाळात मिस्सामध्ये हा शब्द म्हणत नाहीत, तो ईस्टरच्या रात्रीच परत येतो. सगळं टेबल हसलं आणि मग सगळ्यांनी तो पुन्हा म्हटला. मला आवाज हवा होता, तो खणखणीत कोरडा आला. त्यानंतर दर दोन-तीन घासांनी हीच तपासणी, आणि प्रत्येक वेळी तीसजणांची साथ. जवळजवळ पाऊण वाटी इंदयाल, थोडा भोपळा आणि वाटलेल्या काजूचं गोड पूर्ण. त्या आठवड्यात कुठल्याच एका जेवणाला त्यांनी इतकं खाल्लं नव्हतं.

मधेच कुणीतरी प्रेमाने आइस्क्रीमचा चमचा त्यांच्यापुढे धरला. मी अडवलं. आइस्क्रीम दिसायला घट्ट, पण तोंडात त्याचं पाणी होतं. जेलीचंही तेच. दाट पाणी घेणाऱ्या रुग्णाच्या घरात हे प्रत्येक पाहुण्याला आधी सांगून ठेवायला हवं. जेवणानंतर अर्धा तास त्यांना ताठ बसवून ठेवलं, नातीने दात आणि जीभ स्वच्छ केली. तोंडातले जंतू लाळेबरोबर खाली उतरले तरी न्यूमोनियाला निमित्त होतं, म्हणून हे घासाइतकंच महत्त्वाचं.

सोमवारी, मंगळवारी ताप नाही, धाप नाही. पुढच्या आठवड्यात पाचवी पायरी सुरू केली: काट्याच्या दोन दात्यांमधल्या फटीएवढे, म्हणजे ४ मिलिमीटरचे मऊ, ओलसर कण. सुरुवात कशाने करायची हे आजींनी माझ्याआधीच ठरवून टाकलं होतं. इंदयालचा एक डबा फ्रीजरमध्ये ठेवायला त्यांनी ईस्टरच्या दिवशीच सुनेला सांगितलं होतं.