हर-टू पॉझिटिव्ह गाठ: ऑपरेशनआधीचे डोस कुठे वाया जातात

स्तनातली गाठ मोठी, काखेतही गाठी लागतायत, आणि डॉक्टर म्हणतात आधी केमो, मग ऑपरेशन. घरचे हादरतात. आधी कापून काढा ना, असं प्रत्येकाला वाटतं. पण रिपोर्टवर हर-टू पॉझिटिव्ह असेल, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू हे वाढ घडवणारं प्रथिन जास्त असेल, तर हाच क्रम फायद्याचा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निओस्फिअर चाचणीत ऑपरेशनआधी चार सायकल (औषधाच्या ठराविक दिवसांनी होणाऱ्या फेऱ्या) दिल्या होत्या. डोसिटॅक्सेल हे केमोचं औषध आणि ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला अडवणारं औषध घेणाऱ्यांपैकी २९ टक्के स्त्रियांच्या स्तनात आक्रमक कॅन्सर उरला नव्हता. हर-टूला अडवणारं दुसरं औषध, पर्टुझुमॅब, जोडल्यावर हे प्रमाण ४५.८ टक्के झालं. हा फायदा पदरात पडायचा तर औषधाइतकीच आजूबाजूची कामं चोख लागतात, आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच होते.

पहिली जागा बायोप्सीची बाटली. तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. तालुक्याच्या गावी शुक्रवारी संध्याकाळी बायोप्सी, रविवारी लॅब बंद, मंगळवारी कुणीतरी बाटली पुण्याला आणून देतो: मुदत उलटलेली. सलाईनमध्ये ठेवून आणलेला तुकडा तर त्याहून वाईट. आयएचसी या तपासणीत तुकड्याला रंग देऊन हर-टू पाहतात: ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ आलं तर हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश टेस्ट हवीच. त्यावर अंदाजाने औषध सुरू करू नये, नाकारूही नये. नुसत्या एफएनएसीवर (बारीक सुईने ओढलेल्या पेशींवर) हा निर्णय घेऊ नका, जाड सुईने तुकडा काढणारी कोअर बायोप्सीच करा.

दुसरी गोष्ट क्लिप. चांगला प्रतिसाद आला तर दोन-तीन सायकलमध्येच गाठ हाताला लागत नाही. मग सर्जनने कापायचं कुठे? म्हणून सोनोग्राफीखाली गाठीत धातूची बारीक क्लिप आधीच बसवून घ्यावी. काखेतल्या गाठीत कॅन्सर सिद्ध झाला असेल तर तिथेही.

आता डोस. टीसीएचपी (डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन, ट्रास्टुझुमॅब, पर्टुझुमॅब) या नेहमीच्या पद्धतीत दर २१ दिवसांनी एक, अशा सहा सायकल. ट्रास्टुझुमॅब पहिल्यांदा किलोमागे ८ मिलिग्रॅम, नंतर ६. पर्टुझुमॅब वजनावर नाही: पहिला ८४०, पुढचे ४२०. ६० किलोच्या बाईला ट्रास्टुझुमॅब आधी ४८०, मग ३६० मिलिग्रॅम लागतं, आणि व्हायल (औषधाची कुपी) ४४०ची. सोबत येणाऱ्या बॅक्टेरिओस्टॅटिक पाण्यात विरघळवलं तर उरलेलं औषध २ ते ८ अंशात २८ दिवस टिकतं, म्हणजे पुढच्या सायकलला वापरता येतं. साध्या स्टराईल पाण्यात विरघळवलं तर उरलेलं फेकावं लागतं. इतक्या महाग औषधात हा फरक घरच्यांनी फार्मसीला जरूर विचारावा. व्हायल जोरात हलवायची नाही, हळू फिरवायची, फेस येऊ द्यायचा नाही. पुढे फक्त नॉर्मल सलाईनमध्येच सोडायचं. ट्रास्टुझुमॅब हे प्रथिन आहे, डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) त्याच्या गुठळ्या होतात.

सायकलची तारीख सांभाळा. ट्रास्टुझुमॅबला ठरलेल्या दिवसापेक्षा आठवड्याहून जास्त उशीर झाला तर पुन्हा किलोमागे ८चा डोस द्यावा लागतो. पर्टुझुमॅबच्या दोन डोसांत सहा आठवडे गेले तर पुन्हा ८४०.

पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिल्ग्रास्टिम इंजेक्शन केमो संपल्यावर २४ तासांनीच. संध्याकाळची एसटी पकडायची म्हणून ते त्याच दिवशी देऊन टाका, असा आग्रह धरू नका. त्याने पेशी उलट जास्त घटू शकतात. स्वारगेटवरून निघण्याआधी एक रात्र पुण्यात काढा, नाहीतर गावच्या डॉक्टरांकडून दुसऱ्या दिवशी घ्या, इंजेक्शन मात्र बर्फाच्या डब्यातून न्या, गोठू न देता.

पर्टुझुमॅबने जुलाब होतातच, असं धरून चाला. जुलाब थांबवणारी लोपेरामाईड गोळी आधी ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर २, दिवसाला १६च्या वर नाही, सोबत ओआरएस. जुलाबाबरोबर १००.४ फॅरनहाईट ताप असेल तर घरी गोळ्या घेत बसू नका. पेशी घटलेल्या असताना हा ताप जिवावर बेततो, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

हृदयाची इको सुरुवातीला आणि साधारण दर तीन महिन्यांनी. पंपिंग ५० टक्क्यांखाली, तेही आधीपेक्षा १० अंकांनी उतरलं, तर ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब थांबवून तीनेक आठवड्यांत इको पुन्हा करतात. दम लागत नाही म्हणून इको टाळणं चूक. घसरण आधी मशीनवर दिसते.

आणि गाठ लागत नाही म्हणून ऑपरेशन टाळू नका. पुढचं औषध ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरच ठरतं. कॅन्सर उरला नसेल तर हर-टूच्या औषधांचं एकूण एक वर्ष पूर्ण करायचं. उरला असेल तर टी-डीएम-१चे (ट्रास्टुझुमॅबला केमो जोडलेल्या औषधाचे) १४ डोस: कॅथरीन चाचणीत तीन वर्षांनी आक्रमक आजार न परतलेल्यांचं प्रमाण त्याने ८८.३ टक्के होतं, नुसत्या ट्रास्टुझुमॅबने ७७. म्हणून सर्जनला, सॅम्पल लॅबकडे पाठवताना पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट, क्लिपची जागा आणि दिलेल्या सायकलची यादी फॉर्मसोबत जोडायला सांगा. पॅथॉलॉजिस्टला नेमकं कुठे शोधायचं ते त्यातूनच कळतं.