पुरात मदत कमी पडत नाही, वाटणी चुकते

बडोद्यात पूर बऱ्याचदा पाऊस ओसरल्यावर येतो. विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरातून निघते, आजवा धरणाचं पाणी तिलाच येऊन मिळतं आणि शहराच्या मधोमध वळणं घेत ती खाली ढाढर नदीला जाऊन मिळते. वर पडलेला पाऊस शहरात पोचायला काही तास लागतात. त्यात ढाढर आधीच भरून वाहत असेल तर विश्वामित्रीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. म्हणून आकाश मोकळं झालं की लोक निर्धास्त होतात आणि नेमकं त्याच रात्री पार्किंगमध्ये पाणी शिरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या पुढे गेली आणि पाऊस मंदावल्यावरही कितीतरी सोसायट्या पाण्यातच होत्या.

म्हणजे आपल्याला इशारा मिळतो, पण तासांचा. चक्रीवादळात दिवस मिळतात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय जखाऊजवळ धडकण्याआधी गुजरातने एक लाखाच्या आसपास माणसं किनाऱ्यावरून हलवली, कारण वादळ कुठे येणार हे काही दिवस आधीपासून दिसत होतं. शहरी पुरात तेवढी उसंत नसते. आजव्याची पातळी आणि कालाघोड्याच्या पुलावरची पातळी हे दोन आकडे दर तासाला वहीत उतरवले तरी पुढचे सहा तास कसे जातील याचा अंदाज येतो. महत्त्वाचा असतो चढण्याचा वेग. पातळी किती आहे त्यापेक्षा तासात किती इंच वाढली ते बघा.

आता कोण काय करतं ते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची सूत्रं कलेक्टरकडे दिली आहेत. गुजरातने भूजच्या भूकंपानंतर २००१ मध्येच स्वतःचं प्राधिकरण उभं केलं आणि २००३ मध्ये स्वतःचा कायदाही केला. शहरातली गटारं, पंप, निवारे, साफसफाई महापालिकेकडे. २०२५ च्या दुरुस्तीत महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी वेगळ्या शहरी प्राधिकरणाची तरतूद आली, तिचा अध्यक्ष म्युनिसिपल कमिशनर. कागदावर हे बरं आहे, कारण आजवर नदी एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा आणि धरणाचे दरवाजे तिसऱ्याचे अशी गत होती. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन आपल्या शेजारी जरोदला आहे, म्हणून ‘एनडीआरएफला फोन करा’ असे मेसेज फिरतात. पण ती तुकडी प्रशासनाच्या मागणीवरून निघते. सोसायटीच्या सेक्रेटरीने फोन करायचा तो १०७७ वर, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात. आजारी माणसासाठी १०८.

या सगळ्या यंत्रणेला एक गोष्ट माहीत नसते: गल्लीत आत कोण राहतं. ती तिथल्या गणेशोत्सव मंडळाला माहीत असते, आणि मंडळाने नेमकं तेच काम घ्यावं. बोटी, पंप, दोरखंड यांच्या मागे लागू नये.

बडोद्यातल्या मराठी मंडळांची एक सोय आहे. पूर येतो तो बहुधा ऑगस्टच्या आसपास, आणि तेव्हा गणेशोत्सवासाठी बांबू, दोर, जनरेटर, लाउडस्पीकर आणि वर्गणीची पावतीपुस्तकं आधीच बाहेर निघालेली असतात. २०२४ मध्ये पूर ओसरल्यावर आठवड्याभरात चतुर्थी होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत कोण कुठल्या चौकात उभा राहणार याचा तक्ता जी मंडळी बिनचूक करतात, तीच पुराच्या दिवशी सगळीच्या सगळी एकाच ट्रॅक्टरवर चढतात. उत्साहाचा प्रश्न नाही, तक्त्याचा आहे.

तक्ता मे महिन्यात करावा. एक जाड वही घ्यायची. एका ओळीत एक घर: सोसायटी किंवा पोळ, घर नंबर, मजला, माणसं किती, सहा वर्षांखालची किती, साठच्या वरची किती, गच्चीवर चढता येईल का, आणि दोन फोन नंबर, त्यातला एक पुराच्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाचा. डायलिसिस, ऑक्सिजन, इन्सुलिन, गर्भारपण या नोंदी वेगळ्या पानावर. ते पान दोनच माणसांकडे राहील आणि व्हॉट्सॲपवर जाणार नाही. कुणाच्या काकूंना काय आजार आहे हे अडीचशे जणांच्या ग्रुपला कळायची गरज नाही. वहीची दुसरी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर. कागद का, तर वीज गेल्यावर मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत संपते आणि मग फोनमधली यादी असून नसून सारखीच.

वहीबरोबर हाताने काढलेला नकाशा लागतो. गेल्या पुराची खूण अजून भिंतींवर असते. टेप लावून ती मोजायची आणि गल्ल्यांवर तीन रंग द्यायचे: गुडघाभर, कमरेएवढं, बोटीशिवाय अशक्य. कंपाउंडवरचे भाले, लोखंडी जाळ्या, बुडलेली ट्रान्सफॉर्मरची चौकट, उघडी गटारं यांवर फुल्या मारायच्या. रबरी बोट आत आणणाऱ्या जवानांना याच फुल्या हव्या असतात. पाण्याखालच्या भाल्यावर बोट फाटली तर बचाव करणाऱ्यांनाच वाचवावं लागतं. पाणी लवकर जावं म्हणून मॅनहोलचं झाकण काढणारा एक हुशार माणूस प्रत्येक गल्लीत असतो. त्याला थांबवा. झाकण आधीच निघालेलं असेल तर तिथे बांबू रोवून लाल फडकं बांधा. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीतही छोटी गाडी तरंगायला लागते, आणि पायी चालणारा त्याहून कमी पाण्यात पडतो.

प्रत्यक्ष पुरात मंडळाची कचेरी म्हणजे एक टेबल आणि तीन माणसं. एक फोन घेणार, एक नकाशा आणि वही सांभाळणार, एक आलेला-गेलेला माल मोजणार. हे तिघे आठ तास जागेवरून हलत नाहीत, मग दुसरे तिघे बसतात. वॉर्ड ऑफिसशी आणि नियंत्रण कक्षाशी बोलणारा माणूस एकच. पाच जणांनी पाच फोन केले की एका कुटुंबाच्या पाच मागण्या होतात आणि सहावं कुटुंब मागे पडतं.

मागणीच्या नोंदीत सात रकाने: वेळ, ठिकाण, किती माणसं, काय हवं, कुणी सांगितलं, कुणाकडे दिलं, आणि काम झाल्याची वेळ. सगळा घोटाळा या शेवटच्या रकान्यात होतो. सकाळी सातला कुणीतरी लिहितो, ‘समा भागात आजी अडकल्या आहेत, प्लीज शेअर करा.’ नऊ वाजता आजी मुलीकडे पोचतात. मेसेज मात्र रात्री अकरापर्यंत फिरत राहतो आणि अंधारात एखादी बोट रिकाम्या घराकडे वल्हवत जाते. त्यामुळे तारीख-वेळ नसलेला मेसेज पुढे पाठवायचा नाही, आणि सुटका झाली की ज्या ग्रुपवर मागणी गेली त्याच ग्रुपवर ‘झालं’ टाकायचं. एवढी एक शिस्त पाळली तरी बोटींच्या बऱ्याच फेऱ्या वाचतील.

आसपासच्या सगळ्या मंडळांनी रोज संध्याकाळी सातला एकत्र बसून गल्ल्या वाटून घ्याव्यात. हे झालं नाही की मदत मोठ्या रस्त्यावर साचते. टेम्पो कारेलीबागेच्या मुख्य रस्त्यावर उभा राहतो, तिथल्या माणसाला चार पाकिटं मिळतात, आणि दोन गल्ल्या आत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला एकही नाही. स्वयंपाकघर पुराच्या पट्ट्याबाहेर हवं. म्हणून दांडियाबाजार-रावपुऱ्याकडच्या मंडळाने नदीकाठच्या एकेका सोसायटीशी आधीच जोडी जमवून ठेवावी.

पाकिटात काय? पहिल्या दिवशी गरम खिचडी नको. गरम खिचडी पिशवीत बांधली की आत वाफेचं पाणी सुटतं, आणि दमट हवेत ती चार तासांत आंबते. बोट कधी पोचेल ते कुणालाच माहीत नसतं. गुजरातने यावर सुखडीचं उत्तर फार आधी शोधलं आहे. एक किलो गव्हाच्या पिठाला पाऊण किलो तूप आणि पाऊण किलो गूळ घेतला की अडीच किलोच्या आसपास सुखडी होते. पाण्याचा थेंब नसल्यामुळे ती बरेच दिवस टिकते. माणशी १५० ग्रॅम सुखडीत सातशेच्या वर कॅलरी मिळतात. जोडीला १०० ग्रॅम भाजलेले चणे, थोडा गाठिया. मधुमेह्यांच्या पाकिटात सुखडीऐवजी चणे-कुरमुरे जास्त, आणि त्यावर वेगळी खूण. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, म्हणजे चौघांच्या घराला बारा. हे वजन लोक हिशेबात धरत नाहीत. शंभर घरांचं पाणी १२०० किलो भरतं, आणि दहा माणसांच्या बोटीत ते माणसांच्या जागेवरच जातं. वस्ती बुडण्याआधी प्रत्येक घराने भांडी, बादल्या भरून वर नेल्या तर बोटीच्या खेपा माणसांसाठी उरतात. दूध पावडर आणि बाटल्या सरसकट वाटू नका. स्वच्छ पाणी नसताना बाटलीच्या दुधाने बाळाला जुलाब होतात. स्तनपान करणाऱ्या आईला जास्तीचं अन्न-पाणी द्या.

जुने कपडे पाठवू नका, हे दर वेळी सांगावं लागतं. चिखलात ओले गठ्ठे पडून राहतात आणि ते उचलायला माणसं लागतात. तिसऱ्या दिवशी लागतात ते सॅनिटरी पॅड, नवे अंतर्वस्त्र, टॉर्च, गमबूट, फावडी, वायपर, फिनाईल आणि ब्लीचिंग पावडर. मेणबत्त्या शक्यतो टाळा. बुडालेल्या स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर कुठे वाहत जाऊन आडवा झाला आहे आणि गळतो आहे का ते कळत नाही.

बोटीत लाइफ जॅकेट नसेल तर बोट काढायची नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. या शहराला याहून वेगळं कारण सांगायला लागू नये.

मगरींचं थोडक्यात. विश्वामित्रीत त्या कायम राहतात. २०२४ च्या पुरात तीन दिवसांत वस्त्यांमधून दोन डझनांच्या आसपास मगरी पकडाव्या लागल्या. पाणी उतरतं तेव्हा त्या तळघरात, मोकळ्या प्लॉटमध्ये, गटारात मागे राहतात. म्हणून ओसरतं पाणी चढत्याइतकंच धोक्याचं. रात्री त्यात पाय घालायचा नाही, उरलेलं अन्न त्यात टाकायचं नाही. दिसली तर वनखात्याला कळवायचं. दोरी घेऊन धावणाऱ्या पोरांना आवरणं हेही मंडळाचंच काम.

निवाऱ्यासाठी शाळा उघडतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर जागा आणि तीस माणसांमागे एक संडास लागतो. सहा बाय आठ मीटरच्या वर्गात तेरा माणसं बसतात. प्रत्यक्षात चाळीस कोंबली जातात. जागेची अडचण दोन दिवस निभावते, संडासाची निभावत नाही. ३०० माणसांना दहा संडास हवेत, शाळेत चालू स्थितीत असतात तीन. बायका रात्री पाणी पिणं बंद करतात, मग चक्कर आणि लघवीचा त्रास घेऊन दवाखान्यात येतात. म्हणून मे महिन्यात शाळेत जाऊन चालू संडास मोजा, आतली कडी लागते का बघा, तिथवरच्या वाटेवर दिवा आहे का बघा.

पाणी उतरल्यावर सगळ्यात जास्त चुका जमिनीखालच्या टाकीत होतात. लोक गाळ तसाच ठेवून वरून मूठभर पावडर टाकतात. क्लोरीन आधी गाळावरच खर्च होतं, जंतूंसाठी काही उरत नाही. टाकी पूर्ण उपसा, गाळ खरवडा, भिंती घासा. मग टाकी भरून दर हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. आधी प्लॅस्टिकच्या बादलीत पातळ कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. रात्रभर ठेवून ते सगळं पाणी सोडून द्या, ते प्यायचं नाही. पुन्हा भरलेल्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरला अडीच-तीन ग्रॅम पुरतात, आणि मध्ये अर्धा तास थांबावं लागतं. नळाच्या पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं आहे का ते आरोग्य कर्मचाऱ्याच्या क्लोरोस्कोपने तपासून घ्या. गेल्या पावसाळ्यात उघडलेल्या गोणीत जोर उरलेला नसतो, ती वापरू नका. आणि ही पावडर संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पार्किंगमधली मीटरची पेटी वीज कंपनीच्या माणसाने तपासल्याशिवाय चालू करू नये. बुडालेली गाडीही सुरू करून बघू नये. इंजिनच्या सिलिंडरमध्ये गेलेल्या पाण्याने इंजिन फुटतं, आणि त्या नुकसानीवर विमा कंपनी बोट ठेवते.

घर धुण्याआधी पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, भिंतीला टेप लावलेला एक तरी असावा. पंचनामा करणारे घरमालकाचं नाव विचारतात, त्यामुळे भाडेकरू यादीबाहेर राहतात. कुलूप दिसलं की पुढच्या घरी जातात, मग नातेवाइकांकडे गेलेलं कुटुंब गळतं. मंडळाची वही इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडते: भाडेकरूंची आणि कुलूपबंद घरांची यादी, रेशन कार्डाच्या झेरॉक्ससह, सर्वेक्षणाच्या पहिल्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा.